आभाळातून येणारे देणे

मराठीत ‘देणे’ हा शब्द मोठा दुतोंडी आहे. एखाद्याचा गळा गोड असला की आपण म्हणतो, हे देवाचे देणे. महिनाअखेरीस वाण्याची वही उघडली की तिथेही देणेच लिहिलेले असते. पहिल्या देण्यात देणारा मोठा होतो आणि घेणारा हात जोडतो. दुसऱ्यात देणारा मान खाली घालून येतो आणि घेणारा विचारतो, मागच्या महिन्याचे काय? वस्तू दोन्ही वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पण मिंधा कोण हे आपण कोणता अर्थ धरतो त्यावर ठरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांच्या दुर्गम भागांत उपग्रहाद्वारे इंटरनेट पोचवायचे, असे ठरले. अशा योजनांविषयी आपण बोलतो तेव्हा सूर बहुतेक वेळा पहिल्या देण्याचा असतो: विकासाची गंगा, तंत्रज्ञानाचे वरदान, शेवटच्या माणसापर्यंत प्रकाश. माझ्या मते हे देणे दुसऱ्या प्रकारचे आहे. ती उधारी आहे, बरीच जुनी आहे, आणि ती तशी मानली नाही तर डोक्यावर कितीही उपग्रह फिरले तरी पाड्यातल्या माणसाची स्थिती फारशी बदलणार नाही. प्रश्न यंत्राचा कमी आणि धर्माचा अधिक आहे. धर्म हा शब्द इथे कर्तव्य या जुन्या अर्थाने घेतला आहे.

सातपुड्यातल्या अक्राणी महालात, म्हणजे आजच्या धडगाव तालुक्यात, गाव ही एका जागी वसलेली वस्ती नसते. पाडे असतात आणि पाड्यातही घरे डोंगराच्या उतारावर विखुरलेली, ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात. मोबाइल कंपनीला इथे मनोरा परवडत नाही, कारण एका मनोऱ्याच्या टप्प्यात माणसे थोडी आणि मधे डोंगर फार. फायबर आला तरी तो ग्रामपंचायतीपर्यंत येतो आणि ग्रामपंचायतीपासून पाडा दोन ओढे ओलांडून असतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राने फोर-जी न पोचलेल्या गावांसाठी योजना मंजूर केली तेव्हा अशी गावे देशभरात २४,६८० मोजली होती, आणि मोजणी गावांची होती, पाड्यांची नव्हे. आता या भूगोलावर पीक पाहणी ठेवून बघा. पूर्वी तलाठी शिवारात येऊन पीक लिहून घेत असे. यायचा की नाही हा भाग वेगळा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नोंद करण्याचे काम शेतकऱ्याकडे आले. बांधावर उभे राहायचे, गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, उभ्या पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह काढायचा. फोटो निघतो. मग तो वर चढवायचा असतो आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहते. रेंज वरच्या धारेवर असते, तिथे जाऊन फोन उंच धरावा लागतो. नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक नाही, आणि सातबाऱ्यावर पीक नाही म्हणजे नुकसान भरपाईच्या पंचनाम्यात, पीक कर्जात, हमीभावाच्या खरेदीत तुम्ही त्या हंगामात शेती केलीच नाही असे धरले जाते. ज्वारी शेतात डोक्याएवढी उभी असते, तरीही. रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्र रेंज शोधत टेकडीवर किंवा झाडावर न्यावे लागल्याच्या बातम्या अनेक राज्यांतून आल्या आहेत.

उपग्रह या भूगोलाला बरोबर बसतो. जुने दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. तिथपर्यंत जाऊन उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, म्हणून बोलताना दोघे एकमेकांच्या वाक्यावर पाय देतात. नवे उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटरवरून जातात. एक डोक्यावरून सरकून गेला की दुसरा येतो, आणि पाटाएवढी एक तबकडी त्यांच्याशी बोलणे तुटू देत नाही. तिला आभाळ मोकळे लागते आणि थोडी वीज लागते, ती सौर पट्ट्यांवर भागते. डोंगर आडवा येत नाही, कारण वाट वरून आहे. तंत्र एवढेच. ते चालेल की नाही ही शंका आता कोणी घेत नाही.

शंका घेतली जाते ती उपयोगाची, आणि तिथे समर्थकांचे पाऊल घसरते असे मला वाटते. ते म्हणतात, जोडणी आली की शेतकऱ्याचे उत्पन्न वाढेल. पुरावा आहे, पण मिसळीचा. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोचले तेव्हा मच्छीमारांचे काय झाले याचा रॉबर्ट जेन्सन यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. एका बंदरात सार्डिन फेकून द्यावी लागते आणि शेजारच्या बंदरात ती मिळत नाही, हा प्रकार थांबला. मच्छीमाराचा नफा वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी थोडी स्वस्तही झाली. मध्य प्रदेशात २००० पासून ई-चौपालची केंद्रे निघाली, तिथे सोयाबीनचा भाव एक ते तीन टक्क्यांनी चढल्याचे अपराजिता गोयल यांनी दाखवले. पण तिसरा अभ्यास आपल्याच राज्यातला आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिन्टेन यांनी महाराष्ट्रातल्या शंभर गावांत शेतकऱ्यांना बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ल्याचे मेसेज वर्षभर मोफत पुरवले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापला: मिळालेल्या भावात सरासरी काही फरक पडलेला दिसला नाही. मासळीची होडी समुद्रातच दुसऱ्या बंदराकडे वळवता येते. कांद्याचा ट्रॅक्टर तसा वळत नाही; अडत्याची उचल घेतलेली असते, भाडे भरलेले असते, आणि लिलाव पुकारला जात असताना शंभर किलोमीटरवरचा भाव खिशात असून नसल्यासारखा असतो. आमचूर वाळवून धडगावच्या व्यापाऱ्याला घालणाऱ्या बाईला मुंबईचा भाव कळला, तरी तिला मुंबईपर्यंत गाडी कोण देणार?

म्हणजे जोडणीचे समर्थन उत्पन्नवाढीवर उभे केले, तर पाच वर्षांनी कोणीतरी आकडे काढील, उत्पन्न वाढलेले नसेल, आणि योजना गुंडाळायला ते कारण पुरे होईल. याच ठिकाणी देण्याचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. फायदा झाला तर देऊ, ही दात्याची भाषा आहे. ऋणकोला ती बोलता येत नाही. वाण्याने माझ्याकडून आलेल्या पैशांचे काय केले, त्याची भरभराट झाली की नाही, हे विचारून मी उधारी फेडायची की नाही ते ठरवत नाही.

दानाविषयी आपल्या परंपरेत बारीक विचार झाला आहे. गीतेने सात्त्विक दानाची जी लक्षणे सांगितली त्यांत देश, काल आणि पात्र पाहून देणे आले, आणि परतफेडीची अपेक्षा नसणे आले. दात्याच्या बाजूने पाहिले तर यात खोट नाही. पण ‘पात्र’ या शब्दाचा पुढचा प्रवास पाहा. तो धर्मशास्त्रातून सरकारी कचेरीत आला आणि तिथे त्याची यादी झाली: पात्र लाभार्थी, अपात्र लाभार्थी. तहसीलच्या फलकावर लागणाऱ्या त्या यादीत पाड्यातला माणूस आपले नाव शोधतो तेव्हा तो नकळत दानाच्या तत्त्वज्ञानात उभा असतो. देणारा वर, घेणारा खाली, आणि मधे त्याच्या लायकीची तपासणी. ‘लाभार्थी’ हा शब्दही तसाच. लाभाची इच्छा धरून आलेला. नागरिक कर भरतो, मत देतो, सातबाऱ्यावर नाव लावतो, आणि खिडकीपाशी पोचेपर्यंत लाभार्थी होतो.

विनोबांचा आक्षेप इथे येईल, आणि तो वजनदार आहे. दान म्हणजे भीक नव्हे, नीट वाटून घेणे, असे ते शंकराचार्यांचा आधार देऊन सांगत. जमीनदारासमोर ते घरातला आणखी एक मुलगा म्हणून उभे राहत आणि वाटा मागत. हा अर्थ घेतला तर माझा भेद कोसळतो असे कोणी म्हणेल. मला उलट दिसते. विनोबांनी दान या शब्दाचा हात धरून त्याला ऋणाच्या घरात नेले. मुलगा वाटा मागतो तो हक्काने. पण शब्द जुनाच ठेवल्यामुळे देण्याची खुशी जमीनदाराकडेच राहिली. भूदानात मिळालेल्या जमिनीचा मोठा भाग वाटलाच गेला नाही, आणि दिलेल्यातली पुष्कळ जमीन दात्यालाही नकोशी अशीच होती. ज्या देण्याची वसुली करता येत नाही त्याचे एरवीही असेच होते.

ऋणाची कल्पना दानाइतकीच जुनी आहे. माणूस जन्माला येतो तोच देणेकरी म्हणून, असे वैदिक वाङ्मय सांगते: देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे घातले, माणसांचे. ऋषिऋण म्हणजे ज्ञानाचे. आपल्याआधी कोणीतरी शिकून ठेवले म्हणून आपल्याला कळते, आणि त्याची फेड अध्ययनाने व्हायची, म्हणजे ते ज्ञान पुढे चालते ठेवून. कल्पना सुंदर आहे आणि ज्यांनी ती मांडली त्यांनीच ती बुडवली. ज्ञानाचे ऋण मानणाऱ्या व्यवस्थेने समाजातल्या बहुसंख्यांना अध्ययनाचे दारच बंद ठेवले. कर्ज मान्य, पण हप्ता आपसांतच फिरवायचा. ही थकबाकी जोतीराव फुल्यांनी काढून दाखवली. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे मांडताना ते पाऊस आणि लगान यांवर थांबत नाहीत. कागद वाचता येणारा आणि न येणारा यांच्यामधल्या दरीत कोण बसून खातो, ते दाखवतात. अक्षर ज्याच्या हाती तो मधला होतो आणि मधला झाला की दोन्हीकडून घेतो. आज कुलकर्ण्याच्या लेखणीची जागा संगणक केंद्राने घेतली आहे. शेतकरी तालुक्याला जातो, आधार कार्ड देतो, फोनवर आलेला ओटीपी अनोळखी माणसाला वाचून दाखवतो, पन्नास-शंभर रुपये देतो आणि काय भरले ते न कळता परत येतो. केंद्रचालक वाईट असतोच असे नाही. बहुतेक जण पोटासाठी राबणारी पोरेच असतात. पण दरी आहे तोवर तिच्यावर नाका बसणार. फुल्यांच्या सत्यधर्मात निर्मिकाने, म्हणजे जग घडवणाऱ्याने, पृथ्वी सर्व माणसांच्या समान उपभोगासाठी केली आहे. १९६७ च्या अंतराळ करारानेही अवकाशाचा वापर साऱ्या मानवजातीच्या हितासाठी असल्याचे आणि कोणत्याही राष्ट्राला त्यावर मालकी सांगता येणार नसल्याचे लिहून ठेवले. जमीन वाटून संपल्यावर निदान आभाळ तरी निर्मिकाच्या हिशेबात राहिले.

ऋण म्हटले की ते कशापोटी झाले हे सांगावे लागते, नाहीतर तो नुसता भावनेचा शब्द. पहिली नोंद उघड आहे. सरकारने स्वतः हक्काचे दार इंटरनेटवर नेऊन बसवले. पीक पाहणी, पीएम-किसानचे ई-केवायसी, रेशनचा अंगठा. आणि १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा. ज्याने दार हलवले त्याने तिथपर्यंतची वाट द्यायची असते. वाट न देता दार हलवणे म्हणजे दार बंद करणेच. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने बोले ठराव केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. कागदावर हक्क पुरा होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन त्या पायऱ्या उतराव्या लागल्या आणि न्यायालयात शेवटचा शब्द पडायला १९३७ उजाडले. जातीने अडवणे आणि डोंगराने अडवणे एक नव्हे, हे मान्य. पहिल्यात अपमान हाच हेतू होता. पण ‘हक्क दिला आहे, पोचणे तुमचे तुम्ही बघा’ हा राज्याचा युक्तिवाद दोन्हीकडे सारखाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये इंटरनेटवरून होणारे भाषण आणि व्यापार यांना संविधानाचे संरक्षण असल्याचे सांगितले, म्हणजे चालू नळ मनमानीने बंद करू नका एवढे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात ते पुढे गेले. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन अर्जदारांना केवायसीत डोळे मिचकावून दाखवणे जमत नव्हते. त्यांच्या निमित्ताने न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत खरोखर पोचता येणे हे जगण्याच्या हक्कात धरले. नळ जोडून द्या, असा हा अर्थ आहे.

दुसरी नोंद नर्मदेची. सरदार सरोवरासाठी महाराष्ट्राने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित म्हणून लिहिली. धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. ती वीज राज्याच्या जाळ्यात येते आणि कोणत्या दिव्यात कोणते पाणी जळते हे सांगता येत नाही, पण ज्या दरीने ती दिली तिला मोबाइलचा मनोरा परवडत नाही, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? परवडत नाही हा शब्द दरी बुडवताना कोणाला आठवला नव्हता.

आधी पाणी द्या, रस्ता द्या, शाळेत मास्तर द्या, मग इंटरनेट बघू, असे पुष्कळ भली माणसे म्हणतात. कुपोषणाने मुले जातात त्या भागात तबकडी बसवणे त्यांना अश्लील वाटते. त्यांची चीड खरी आहे. पण एका माणसाची चार देणी थकली असतील तर त्यांतली तीन थकली आहेत म्हणून चौथे थांबवता येत नाही. शिवाय ही देणी एकमेकांत गुंतली आहेत. सर्पदंशाचा रुग्ण झोळीत घालून निघताना रुग्णवाहिकेला फोन लागणे, उपकेंद्रातल्या नर्सला जिल्ह्याच्या डॉक्टरशी बोलता येणे, मास्तर आठवडाभर आलाच नाही हे त्याच दिवशी वर कळवता येणे, यांतले काहीच चैनीचे नाही. विजेचा इशारा घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ ॲप केले, ते आसपास वीज पडण्याचा धोका आधी सांगते. वीज पडून मरतात त्यांत उघड्या शेतात काम करणारे बरेच असतात, आणि रेंज नसते तीही त्यांनाच.

दुसरी हरकत नीतीची, आणि ती ऐकू येते तेवढी साधी नाही. पाड्यावर इंटरनेट गेले की मागोमाग रील्स जातील, रमीचे ॲप जाईल, अफवा जाईल, झटपट कर्ज देऊन नंतर छळणारे जातील. यातले प्रत्येक घडेल. जिथे रेंज आहे त्या गावांत ते घडते आहे, शहरात तर केव्हाचे. प्रश्न एवढाच की या भीतीवरून निष्कर्ष कोणी काढायचा. सावकाराला दारूचे व्यसन आहे म्हणून हप्ता देत नाही, असे म्हणणाऱ्या ऋणकोला आपण काय म्हणू? पात्रता तपासायचा अधिकार दात्याला असेल, देणेकऱ्याला नसतो. आणि हरकत घेणारा हे सारे बहुधा स्वतःच्या फोनवर वाचून सांगत असतो. तरी घेणाऱ्याला एक अधिकार आहेच: घ्यायचे की नाही, कसे घ्यायचे, रात्री किती वाजता बंद करायचे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने हे जंगलाबाबत करून दाखवले. तिथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात, विषय समजून घ्यायला अभ्यासगट बसतो, आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर बांबूचे काय करायचे ते गावानेच ठरवले. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवता येते. तबकडी त्या सभेच्या ताब्यात द्या. मग ती समाजमंदिराच्या छपरावर लागते की शाळेच्या, याचा वाद त्यांचा.

तिसरी हरकत मला सगळ्यांत अवघड वाटते. स्टारलिंक ही कंपनी परदेशी, तिचा मालक लहरी; उद्या तिने बटण बंद केले तर? २०२२ मध्ये क्रिमियाच्या किनाऱ्याजवळ सेवा चालू करायची नाही, हा युक्रेन युद्धाच्या धामधुमीतला निर्णय या एका मालकाने घेतला आणि त्यानेच तसे सांगितले. आपल्याकडे याहून जुना दाखला आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष भारतातल्या सहा राज्यांच्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरदर्शन दिसले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची तबकडी, खाली एक संच, समोर सारा गाव, आणि पडद्यावर शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. विक्रम साराभाईंनी हे स्वप्न पाहिले होते; ते प्रत्यक्षात आले तेव्हा ते हयात नव्हते. उपग्रह मात्र अमेरिकेचा, एटीएस-६, आणि उसना. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली, अमेरिकेने उपग्रह हलवला आणि संच मुके झाले. अमेरिकेने फसवले नाही, ठरल्याप्रमाणेच केले. पण ज्या गावाने वर्षभर पाहिले त्याच्यासाठी ते देणे होते की दाखवणे? भारताने त्यातून धडा घेतला आणि पुढे इन्सॅट उभे केले. आजही पर्याय शून्य नाहीत. जीसॅट-११ आणि जीसॅट-एन२ हे आपले मोठे उपग्रह वर आहेत. वनवेबच्या ७२ उपग्रहांना २०२२-२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून आपल्याच रॉकेटने नेले. म्हणून माझे म्हणणे असे: देणेकरी राज्य आहे, कंपनी त्याचा गाडीवान. गाडीवान बदलला म्हणून कर्ज फिटत नाही आणि गाडीवान रुसला म्हणून माफही होत नाही. सेवा थांबली तर दुसऱ्या वाटेने पोचवण्याची जबाबदारी करारात सरकारवर लिहिलेली असली पाहिजे, आणि तोडायची नोटीस ग्रामसभेला आधी गेली पाहिजे.

एक हरकत आभाळाच्या वतीनेही आहे. नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांत पसरल्या आहेत. त्याही तारेच्या जाळीच्याच. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही रेडिओ दुर्बीण विश्वाचे अतिशय क्षीण आवाज ऐकते. नव्या उपग्रहांमधून, संदेशाव्यतिरिक्त, नको त्या लहरींवरही गळती होते असे युरोपातल्या दुर्बिणींनी नोंदवले आहे, आणि त्यांतल्या काही लहरी खोडद ऐकते त्या पट्ट्यात येतात. एका सावकाराचे फेडायला दुसऱ्याकडून काढावे, तसे हे होते. मला यावर पुरते समाधान देता येत नाही. एवढे सांगता येते की हजारोंनी उपग्रह सोडले गेले ते सातपुड्यासाठी नव्हे. ते श्रीमंत देशांच्या गिऱ्हाइकांसाठी सोडले गेले आणि आपल्या डोक्यावरूनही जातात, कारण कक्षा तशीच असते. पाड्यावर एक तबकडी लागल्याने आभाळ आणखी मळत नाही. मळवल्याचे बिल ज्यांनी मळवले त्यांच्या नावे फाडावे, सर्वांत शेवटी आलेल्याच्या नाही.

भाषेचे मात्र बोलायला हवे. ज्ञानदेवांनी १२९० मध्ये नेवाशाला गीता मराठीत आणली. ऋषिऋणाची ती खरी फेड होती, कारण देणेकरी धनकोच्या दारात त्याच्या बोलीत गेला. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या बाईला तबकडीतून शासकीय मराठीतला अर्ज मिळाला, तर दरी तिथेच राहिली, फक्त नाका तालुक्यावरून पाड्यात सरकला.

राज्याला हे जमत नाही असे नाही. अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेले महाराष्ट्रातले पहिले गाव. महाराष्ट्रातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्रही तेच. निवडणूक आली की मतदानयंत्र, कर्मचारी आणि पोलीस धरणाच्या फुगवट्यातून बोटीने तिथे जातात. दर मताला खर्च किती पडतो ते कोणी विचारत नाही, मतदार मताचे काय करील ते विचारत नाही, आणि आधी रस्ता होऊ दे मग मतदान घेऊ, असेही कोणी म्हणत नाही. मतदान संपले की बोट यंत्र घेऊन परत येते.